सुई, चाल आणि संशय

(मुंबईत चित्रपट रसिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, 'बायल्या' हा शब्द आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेला आहे. मुलगा कोणावर प्रेम करतो, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. तो चालतो कसा, हातवारे कसे करतो, पटकन रडतो का, चेंडू अंगावर आला की डोळे मिटतो का, एवढाच त्याचा ऐवज. तरीही शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या मनात ती दुसरी शंका डोकं वर काढतेच. चालीवरून थेट मनाचा निवाडा करण्याची ही रीत जुन्या सिनेमाने कशी दाखवली आणि कुठे तो स्वतःच तिला बळी पडला, ते आज पाहू.

मुख्य उदाहरण 'टी अँड सिम्पथी'चं. रॉबर्ट अँडरसनचं हे नाटक 1953 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलं, दिग्दर्शक एलिया कझान. 712 प्रयोग झाले. 1956 साली एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने त्याचा चित्रपट काढला, तो व्हिन्सेंट मिनेलीने दिग्दर्शित केला. डेबोरा कर, जॉन कर आणि लीफ एरिक्सन हे रंगभूमीवरचेच तिघे पडद्यावर आले. कथा मुलांच्या निवासी शाळेतली. टॉम ली सतरा-अठरा वर्षांचा, आईवडील विभक्त झालेले. वसतिगृहाचा प्रमुख बिल रांगडा, सदा मुलांच्या घोळक्यात रमणारा, आणि त्याची बायको लॉरा घरात एकटी.

नाटकात संशयाला एक निमित्त आहे. टॉम हॅरिस नावाच्या शिक्षकाबरोबर समुद्रावर पोहायला जातो, दोघांना उघड्या अंगाने कोणीतरी पाहतं, कुजबुज सुरू होते आणि हॅरिसची नोकरी जाते. हॉलिवूडला हे दाखवणं शक्यच नव्हतं. 1934पासून तिथे निर्मिती-संहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये याच्या नियमावलीची, कडक अंमलबजावणी सुरू होती आणि तिच्यात 'लैंगिक विकृती' दाखवायलाच नव्हे, सुचवायलाही बंदी होती. समलैंगिकता त्याच सदरात मोडायची. त्यामुळे चित्रपटातून हॅरिस हे पात्रच उडवलं. मग संशय आणायचा कुठून? पटकथेने तोडगा काढला तो सुई-दोऱ्याचा. समुद्रकिनारी बाकीची मुलं बिलबरोबर अंगमेहनतीचे खेळ खेळतायत, आणि टॉम शिक्षकांच्या बायकांमध्ये बसून शिवणकाम करतोय. मुलं ते पाहतात आणि 'सिस्टर बॉय', म्हणजे बायल्या, हे नाव त्याला चिकटतं.

या काटछाटीबद्दल हळहळ व्यक्त करण्याची पद्धत आहे. मला मात्र वाटतं, सेन्सॉरने नकळत या गोष्टीचं भलं केलं. नाटकात निदान घडलेलं, पाहिलेलं असं काहीतरी आहे. चित्रपटात काहीच उरत नाही. शिवण येते, शास्त्रीय संगीत आवडतं, शाळेच्या नाटकात स्त्रीभूमिका मिळाली आहे, बस्स. पुराव्याच्या जागी फक्त सवयी आहेत. शाळेत संशय नेमका असाच पिकतो.

इथे मराठी प्रेक्षकाने जरा थांबावं. टॉमला शाळेच्या नाटकात, 'स्कूल फॉर स्कँडल'मधली लेडी टीझल करायची असते आणि वडील त्याला ती भूमिका सोडायला लावतात. आपल्या रंगभूमीवर बालगंधर्वांची भामिनी 1911 साली 'मानापमान'मध्ये आली, आणि पुढे घरोघरच्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या. म्हणजे पुरुषाने स्त्रीरूप घेणं हा दोष कुठल्या निसर्गनियमाने ठरलेला नाही. साने गुरुजींचा श्याम आजारी आईच्या ऐवजी वडाला प्रदक्षिणा घालायला जातो, तेव्हा त्याला आधी लाज वाटते ती लोक हसतील याचीच. आई ती लाज काढून टाकते. तीच आई पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला शिमटीने फोडून काढते. मुलगा बायकांचं व्रत करतो हे तिला चालतं, तो भित्रा असलेला चालत नाही. मर्दपणाची ही वेगळी मोजपट्टी आहे, आणि मारझोड तिच्यातही आहेच.

आता ज्या प्रसंगासाठी हा चित्रपट पुन्हा पाहावा, तो सांगतो. टॉमचा खोलीतला सोबती ॲल मनाने चांगला आहे. मित्राला वाचवायचं तर त्याला 'नीट' चालायला शिकवायचं, असं तो ठरवतो. टॉम विचारतो, मी चालतो कसा? आणि ॲलची पंचाईत होते, कारण चालणं त्याने कधी शब्दांत मांडलेलंच नाही. तो चालून दाखवतो. टॉम त्याची नक्कल करतो, आणि ती साफ फसते. का फसते ते पडद्यावर नीट बघा. चाल ही न ठरवता होणारी गोष्ट. खांदे किती हलावेत, पाऊल कुठे पडावं, असं मोजायला लागलं की शरीर आखडतं, आणि आखडलेल्या शरीराकडे लोक आणखीच टक लावून बघतात. मर्दानी चाल स्वाभाविक असेल, तर ती शिकवावी का लागते? आणि शिकवता येत असेल, तर ती स्वाभाविक कशी? दोन मुलं, एक बंद खोली आणि पाच-सात पावलं, एवढ्या सामग्रीत मिनेलीने हा पेच उभा केला आहे.

दुसरा प्रसंग शेकोटीचा. नव्या मुलांचे पायजमे वरच्या वर्गातल्या मुलांनी फाडायचे, ही शाळेची प्रथा. ज्याचे कपडे फाटले तो आपल्यातला झाला. टॉमला सुरुवातीला कोणी हातच लावत नाही. रॅगिंगवरच्या सिनेमात मार खाणारा मुलगा आपल्या परिचयाचा आहे. इथे शिक्षा आहे ती वगळण्याची. शिवाजी पार्कवर कबड्डीचा डाव मांडताना शेवटपर्यंत कोणी न निवडलेला मुलगा ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

यानंतर चित्रपट घसरतो. आपण पुरुष आहोत हे सिद्ध करायला टॉम एली नावाच्या वेट्रेसकडे जातो. तीही त्याला त्याच नावाने चिडवते, आणि तो स्वयंपाकघरातल्या सुरीने जीव द्यायला धावतो. पुढे लॉरा त्याला जवळ करते. एका प्रौढ स्त्रीने शाळकरी मुलाचा 'इलाज' असा करावा, हे आज कोणत्याही शाळेत गंभीर प्रकरण ठरेल, आणि ते योग्यच आहे. त्या काळी संहितेचा आक्षेप वेगळा होता. विवाहित स्त्रीच्या व्यभिचाराला शिक्षा हवी. म्हणून गोष्टीला दहा वर्षांनंतरच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनाची चौकट जोडली. टॉम आता विवाहित लेखक आहे, आणि आपण चुकलो अशी कबुली देणारं लॉराचं पत्र तो वाचतो.

माझा आक्षेप मात्र इलाज या कल्पनेवरच आहे. टॉमवर अन्याय झाला असं चित्रपट कळकळीने सांगतो, पण का? तर आरोप खोटा होता म्हणून. समजा, तो खरा असता. शेजारच्या खोलीत असा एखादा मुलगा असेल, ज्याची चाल 'बरोबर' आहे, टेनिसचा फटका जोरकस आहे, आणि ज्याचं मन खरोखरच एखाद्या मित्रावर जडलं आहे. त्या मुलाच्या वाट्याला या चित्रपटातली सहानुभूती येत नाही. तो पडद्यावर अवतरतच नाही.

तो मुलगा वर्षभर आधी दुसऱ्या एका चित्रपटात येऊन गेला होता. 1955चा 'रिबेल विदाउट अ कॉज', दिग्दर्शक निकोलस रे. त्यातला प्लेटो नावाचा मुलगा शाळेतलं आपलं लॉकर उघडतो, तर आत ॲलन लॅड या नटाचा फोटो. त्या वयाच्या मुलाच्या लॉकरमध्ये नटीचा फोटो असणार, हे प्रेक्षक गृहीत धरून असतो, आणि संवादात एक शब्दही न येता त्याला सगळं कळतं. संहितेच्या काळात अशीच भाषा वापरावी लागे : वस्तू, नजर, एकाने दुसऱ्याला दिलेलं जाकीट. पण त्या भाषेची किंमतही ठरलेली होती. नायक जिमच्या बापाला सुटावर झालरीचा एप्रन बांधून हास्यास्पद केलं जातं, आणि प्लेटोला शेवटी गोळी लागते. बायकी बापाचं हसं आणि खऱ्या प्रेमाला मरण, अशी ती वाटणी. जिम मेलेल्या प्लेटोच्या अंगावरच्या आपल्या जाकिटाची चेन वर ओढतो, एवढीच माया त्या चौकटीत मावली.

मुलींच्या शाळेतल्या कुजबुजीचंही तेच झालं. विल्यम वायलरने 1936 साली लिलियन हेलमनच्या नाटकावर 'दीज थ्री' काढला, तेव्हा दोन शिक्षिकांमधल्या प्रेमाचा आळ बदलून एका पुरुषावरून झालेलं लफडं घालावं लागलं. 1961मध्ये संहिता सैल झाली आणि त्याच वायलरने मूळ आळासह तीच गोष्ट पुन्हा केली. तरी जिचं प्रेम खरं निघतं, ती गळफास घेतेच.

हॉलिवूडबाहेर गोष्ट इतकी जखडलेली नव्हती. झाँ व्हिगोचा 'झीरो द कोंदुइत' 1933चा, जेमतेम पाऊण तासाचा. फ्रान्समध्ये त्याच्यावर 1945पर्यंत बंदी होती. ताबार हा नाजूक, लांब केसांचा मुलगा. ब्रुएल या मोठ्या मुलाशी त्याची मैत्री आहे, म्हणून मुख्याध्यापक त्याला बोलावून आडून आडून उपदेश करतो. दुसरीकडे वर्गात एक शिक्षक त्याच्या हातावर हात ठेवतो, आणि ताबार त्याला सरळ शिवी हासडतो. व्हिगोचं बोट अचूक जागी आहे. संशय मुलांच्या मैत्रीवर, आणि त्रास देणारा मात्र खुर्चीत सुरक्षित. शाळेविरुद्धच्या बंडात हाच नाजूक मुलगा पुढे असतो, आणि उशांच्या मारामारीनंतर पिसांच्या पावसात मुलांची मिरवणूक संथ गतीने सरकते. शेकोटीचा प्रसंग आणि हा प्रसंग लागोपाठ बघा. दोन्हीकडे मुलांची दंगल आहे, पण इथे कोणाला बाहेर ठेवलेलं नाही.

लिंडसे अँडरसनने 1968च्या 'इफ'मध्ये व्हिगोचं हे ऋण उघडपणे घेतलं. इंग्लिश पब्लिक स्कूल, म्हणजे तिथली वरच्या वर्गाची खासगी निवासी शाळा; बरंचसं चित्रीकरण चेल्टनहॅम कॉलेजात. वरच्या वर्गातले अधिकारी विद्यार्थी लहान मुलांना राबवतात, देखण्या बॉबी फिलिप्सबद्दल आपसात चघळतात आणि इतरांना शिस्तीचे धडे देतात. मर्दपणाचे रखवालदारच सर्वांत जास्त लाळ गाळणारे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवलं असेल. आणि मग व्यायामशाळा. या अधिकाऱ्यांविरुद्ध बंड करणाऱ्यांपैकी एक, वॉलेस, आडव्या दांड्यावर गिरक्या घेतोय, वरच्या सज्जात फिलिप्स स्वेटर घालता घालता थबकतो. चित्र संथ होतं. कोणी बोलत नाही, कोणी हसत नाही. पुढे एका छोट्या शॉटमध्ये दोघे शेजारी झोपलेले दिसतात, आणि कॅमेरा कसलाही शेरा न मारता पुढे निघून जातो. खटला नाही, इलाज नाही, प्रायश्चित्त म्हणून मरणही नाही. शेवटी बंडखोर छपरावर चढतात, तेव्हा फिलिप्स त्यांच्यात असतो.