एक भागिले सात

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरून फर्ग्युसन कॉलेजच्या फाटकातून आत आलं, की समोर जुनी दगडी इमारत दिसते. 1927 साली या कॉलेजातल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्यानं रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक पटकावलं. पुढे देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी आयुष्यभर संख्यांचा ध्यास घेतला. 6174 ही त्यांची जगप्रसिद्ध संख्या. आज बघायची आहे ती मात्र दुसरी: 1,42,857. कापरेकरांनी हेरलेले दोन गुण हिच्यात एकत्र नांदतात.

ही येते कुठून? एकाला सातनं भागून बघा. दशांशचिन्हापुढे 142857 हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. भागाकारात उरणाऱ्या बाक्या अशा: 3, 2, 6, 4, 5, आणि मग 1. सातनं भागताना शून्याखेरीज जेवढ्या बाक्या शक्य आहेत, तेवढ्या सगळ्या येऊन गेल्या. एक उरला, की भागाकार पहिल्यापासून सुरू.

म्हणूनच या संख्येची दुप्पट 285714, तिप्पट 428571. अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून. दोन भागिले सात, तीन भागिले सात हे त्याच फेऱ्यात वेगळ्या जागी शिरतात. सहापटीपर्यंत हे असंच चालतं. सातपट केली, की 999999.

आता वर्ग करू: 20408122449. उजवीकडचे सहा अंक वेगळे काढा. डावीकडे उरले 20408, उजवीकडे 122449. त्यांची बेरीज करा. पुन्हा 142857! असं वागणारी संख्या म्हणजे कापरेकर संख्या. नुसतं थक्क होऊन इथून पुढे जाणं मला पटत नाही, कारण यामागचं कारण फार देखणं आहे. वर्ग म्हणजे आपली संख्या गुणिले तिच्याहून एकनं लहान संख्या, अधिक आपली संख्या. आपल्या संख्येतून एक वजा केला, तर 142856 उरतात, म्हणजे सात गुणिले 20408. त्यातला सात आपल्या संख्येला दिला, की 999999 तयार. म्हणजे वर्ग झाला 999999 गुणिले 20408, अधिक आपली संख्या. आणि 999999 हे दहा लाखांना एकच कमी. त्यामुळे डाव्या भागात 20408 जमा होतात आणि उजव्या भागातून तेवढेच कमी होतात. बेरीज हलणार कशी?

दुसरा गुण हर्षद संख्येचा, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येचा. अंकांची बेरीज 27, आणि 27 गुणिले 5291 म्हणजे 142857.

सातसारख्या मूळ संख्या आणखीही आहेत. सतरानं भागलं, तर सोळा अंकांचा फेरा मिळतो: 0588235294117647. तेरा मात्र बारा अंक देत नाही, सहातच थांबतो. शंभरच्या आत 25 मूळ संख्या, त्यांपैकी असा पूर्ण फेरा देणाऱ्या नऊ. गणितज्ञ एमिल आर्टिन यांच्या अनुमानानुसार अशा मूळ संख्या अनंत आहेत आणि त्यांचं प्रमाण शेकडा 37 च्या आसपास आहे. त्याची निर्विवाद सिद्धता अजून कुणालाही देता आलेली नाही.