मातीतले वस्ताद, मॅटवरचे पट्ठे

सांगली जिल्हा, कृष्णाकाठ. पहाटे साडेचारला तालमीत खोऱ्याचा आवाज सुरू होतो. हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरणारे हे पैलवान एकेकाळी जत्रेच्या मैदानात शेवटच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या जोडीला लढायचे. आता ते वस्ताद आहेत.

माती बघा. तांबडी, चाळून घेतलेली. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलाय. वस्ताद मूठ दाबून बघतात. गोळा झाला पाहिजे, आणि अंगठा लावला की फुटलाही पाहिजे. माती कोरडी पडली तर धूळ नाकातोंडात जाते; ओल जास्त झाली तर ढेकळं होतात, गुडघे-कोपरं सोलतात. मग फळी फिरते. वर दोन बारकी पोरं बसवायची, वजनानं हौद सपाट होतो.

जोर, बैठका, दोर. सहा वाजेपर्यंत हेच.

शेजारच्या खोलीत मॅट आहे. वस्तादांचा कस लागतो तो इथं. मातीत पाय रुततो, म्हणून तिथला गडी ताठ उभा राहून मानेवर हात टाकतो, सावकाश खडाखडी करत समोरच्याचा अंदाज घेतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या. नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला गुण. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली.

त्यामुळं एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डावसुद्धा नव्यानं शिकवावा लागतो. पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांत. गुडघा मॅटला टेकवून पुढं सरकवायचा. डोकं आतून बरगडीला चिकटलेलं, हातांचं कुलूप त्याच्या गुडघ्यामागं. हा पोरगा चुकला, बघा. मातीत गुडघा सरकत नाही, म्हणून तो सवयीनं कमरेतून वाकला. हात पुढं गेले, पाय मागं राहिले, डोकं खाली गेलं. समोरच्यानं पाय मागं टाकून पाठीवर भार दिला, फिरून मागं आला. दोन गुण गेले.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट त्यांना नवखी होती. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. मॅट आली म्हणून हौद बुजवू नये. मान, मनगट आणि दम मातीतच तयार होतो. पण गावच्या तालमीला मॅटही हवीच, आणि पोर दहा-बारा वर्षांचं असतानाच हवी.

ही मुलींची जोड. 2023 साली सांगलीतच महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं घेतली.

खुराकाचा खर्च, दुखावलेले खांदे, वस्तादांची तुटपुंजी कमाई, हे सगळं आहेच.

मघाचा पोरगा पुन्हा पट काढतोय. वस्ताद त्याच्या हनुवटीखाली बोट धरून उभे आहेत. बोटाला हनुवटी लागली की पट बाद, परत पहिल्यापासून.