‘तेव्हा आम्ही शाळेत होतो’

नमस्कार. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘अभ्यासक’ म्हटलं, ते मनावर घेऊ नका. उभी हयात पोस्टात गेली. लोकांची पत्रं उशिरा पोचवण्याचा अनुभव मात्र दांडगा आहे. (हशा) पत्रिकेत विषय छापलाय ‘राष्ट्रीय शोक आणि लोकस्मृती’. छापायला तसंच काहीतरी लागतं. मला विचारायचंय ते इतकंच, की इंदिराबाई गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?

शाळेत होते असे कितीजण? हात वर करा. वा, बरेच आहेत. शाळा मध्येच सोडून दिली, गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं, रांगेनं घरी पाठवलं, हेच ना? आता हात तसेच ठेवा आणि कॅलेंडर आठवा. ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. डब्यात चकल्या शिल्लक होत्या. आपल्या नाशकात पंचवटीत काय, सिडकोत काय, मुलं किल्ल्यावरचे मावळे आवरत होती. दिवाळीची सुट्टी चालू असताना शाळा कोणी भरवली होती? (हशा) काही हात खाली आले. जे अजून वर आहेत त्यांचं मला जास्त कौतुक वाटतं.

आपल्याकडे ही मोठी गंमत आहे. नेहरू गेले २७ मे १९६४ ला, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत. राजीव गांधींवर श्रीपेरुंबुदूरला हल्ला झाला तो २१ मे १९९१ ला, रात्री दहाच्या सुमारास. तीही मे महिन्याची सुट्टी. तरी तिन्ही वेळा ‘शाळा सोडली’ सांगणारी माणसं मला भेटली आहेत. शाळा खरोखर चालू होत्या त्या शास्त्रीजी गेले तेव्हा, ११ जानेवारी १९६६. मंगळवार होता. ताश्कंदला मध्यरात्र उलटून गेल्यावर ते गेले, म्हणजे सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत बातमी आलेली असणार. आणि ही आठवण सांगणारा माणूस मला शोधावा लागतो. शास्त्रीजींच्या वाट्याला आठवणसुद्धा कमीच आली.

मग १९८४ ला ही शाळा आली कुठून? माझा एक कयास आहे, पुरावा मागू नका. २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव चव्हाण गेले. रविवार होता, आणि तोवर शाळा सुरू झाल्या होत्या. नाशिकला यशवंतराव परके नव्हते. १९६३ ला संरक्षणमंत्री असताना ते इथूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. सोमवारी शाळेत काहीतरी झालंच असणार. शोकसभा असेल, दोन मिनिटं शांतता असेल. त्यानंतर आठवडाभरात भोपाळ. पाच आठवडे पुरते झाले नाहीत तोवर इतकं सगळं अंगावर आलं. आठ वर्षांच्या पोरानं त्यातले गुरुजींचे ओले डोळे तेवढे उचलले आणि सगळ्यात मोठ्या बातमीला नेऊन चिकटवले. यशवंतराव कोणाला नीट आठवत नाहीत, इंदिराबाई सगळ्यांना आठवतात. यावर कऱ्हाडचे लोक माझ्याशी भांडतील. नाशिककरांनी भांडू नये.

आता माझ्या मामाची गोष्ट. अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, पण ही सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मामा नाशिकरोडला प्रेसमध्ये होता. कुठली प्रेस हे इथे कोणाला सांगायला नको. दर दिवाळीला भाऊबीजेचं जेवण झालं, पान लावलं, की त्याची कथा सुरू व्हायची. ‘मी खात्यात होतो. अचानक भोंगा झाला, अवेळी. सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले. मशिनं थांबली. नोटांची प्रेस थांबली, म्हणजे देश थांबला म्हण!’ हे म्हणताना तो उजवा हात असा वर नेऊन मधेच थांबवायचा, मशीन थांबावी तसा. आम्हाला पाठ होतं, तरी अंगावर काटा यायचा. आणि दर वर्षी नेमक्या याच ठिकाणी मामी आतून ओरडायची, ‘अहो, तुम्ही घरी होतात. ताप होता तुम्हाला. मी पेज करून दिली होती.’ मामा म्हणायचा, ‘तो ताप राजीवच्या वेळचा.’ मामी म्हणायची, ‘राजीवच्या वेळी तुम्ही अक्कलकोटला होतात.’ मग पानाचं तबक तिसरीकडे सरकायचं.

आई गेल्यावर तिची ट्रंक आवरताना मामाचं एक आंतर्देशीय पत्र सापडलं. निळा कागद, घडीवर फाटलेला. पोस्टातल्या माणसाची नजर आधी शिक्क्यावर जाते. नाशिकरोडचा शिक्का, पाच नोव्हेंबर. आत तारीख एक नोव्हेंबर. म्हणजे गृहस्थानं पत्र लिहून चार दिवस खिशातच ठेवलं होतं. आळ मात्र आमच्या खात्यावर यायचा. (हशा) वर ‘ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.’ आणि पुढे, आठवतं तसं सांगतो: काल रजा टाकली होती, दुपारी कटिंगला बसलो. डावी बाजू झाली, उजवी राहिली, इतक्यात रस्त्यावर शटरं पडू लागली. न्हावी म्हणाला, साहेब, उद्या या. आजही त्याचं दुकान उघडलं नाही. टोपी घालून हिंडतो आहे. ही म्हणते, घरात बसा.

भोंगा नाही, मशीन नाही, ताप नाही, पेज नाही. अर्धं डोकं कापलेला माणूस जेलरोडनं घरी गेला, एवढंच झालं होतं.

पत्र मी मामाला दाखवलं. त्यानं चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाला, ‘बरोबर. म्हणजे त्या दिवशी मी टोपी घालून प्रेसमध्ये गेलो होतो.’ पुढच्या दिवाळीपासून कथेत भोंगाही होता आणि टोपीही. मामी आतून ओरडली, ‘टोपी घातली म्हणून तर ताप वाढला!’

हसू नका, हे मोठमोठ्यांचं होतं. उल्रिक नायसर नावाचे अमेरिकेतले फार मोठे मानसशास्त्रज्ञ. पर्ल हार्बरवर हल्ला झाला, ७ डिसेंबर १९४१, तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. ‘रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, तो थांबवून बातमी दिली,’ असं ते वर्षानुवर्षं सांगत. पुढे कधीतरी त्यांच्याच लक्षात आलं, डिसेंबरात बेसबॉल नसतोच! मग दुसऱ्या दोघांनी शोधून काढलं, की त्या दिवशी फुटबॉलचा सामना होता आणि दोन्ही संघांची नावं बेसबॉलच्या संघांसारखीच होती. याच नायसरांनी १९८६ ला चॅलेंजर यान कोसळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, कोणी सांगितली. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. चौथा हिस्सा मुलांचं पहिल्या उत्तराशी काहीही जुळेना. आणि खात्री मात्र पक्की! स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण परत येईना. आमच्या मामानं निदान टोपी तरी मान्य केली.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’. आणि ज्यासाठी आलो ते अजून बोललोच नाही. ठीक आहे, पळत पळत सांगतो.

पहिलं, आठवण चुकीची म्हणून टाकून देऊ नका. इंदिराबाईंवर गोळ्या झाडल्या सकाळी नवाच्या पुढे. आकाशवाणीनं त्या गेल्याचं सांगितलं संध्याकाळी. बीबीसी ऐकणाऱ्यांना कितीतरी आधी कळलं होतं. मधले ते तास गावात बातमी कोणाच्या तोंडून कोणाकडे गेली, शटरं कोणाच्या सांगण्यावरून पडली, हे कुठेही छापलेलं नाही. ते न्हाव्याला माहीत होतं. २६/११ ला आपण सगळे टीव्हीसमोर बसून एकच चित्र बघत होतो. म्हणून त्या आठवणी मला फिक्या वाटतात. मतभेद असू शकतो, नंतर भेटा.

दुसरं, आणि खरं तर हेच पहिलं. ‘तुम्ही कुठे होतात’ हे आपण आपल्यासारख्यांनाच विचारतो. त्याच आठवड्यात एकट्या दिल्लीत २,७०० हून जास्त शीख माणसं मारली गेली, हा सरकारी आकडा. आपल्या गोष्टी शाळा सुटली, दुकानं मिटली, टीव्हीवर अंत्ययात्रा पाहिली, इथे संपतात. आग्रा रोडवर ट्रान्सपोर्टचा धंदा करणारे सरदारजी त्या आठवड्यात कुठे होते? ट्रक कोणत्या ढाब्यावर उभा राहिला, ड्रायव्हरनं पुढे जायचं ठरवलं की माघारी फिरायचं? मनमाडला गुरुद्वारा आहे, तासाभराच्या अंतरावर. आपल्यापैकी कोणी जाऊन विचारलंय? तसंच १९४८. गांधीजी गेले तेव्हा कुठे होतात, याला काही ब्राह्मण घरांत उत्तर मिळतं, ‘शेजाऱ्यांच्या माळ्यावर’. अठ्ठेचाळीसचं जळीत म्हटलं की त्या घरांतली म्हातारी माणसं अजून आवाज उतरवतात. ज्यांच्या माळ्यावर ते लपले त्यांच्या घरी वेगळीच हकीकत असेल, आणि जे काठ्या घेऊन बाहेर होते त्यांच्या घरी तर कुठलीच नसेल. तिन्ही लागतील मला, निदान पहिल्या दोन.

दुसरी चिठ्ठी आली. मागच्या टेबलावर कोरे कागद ठेवलेत. कुठलाही एक प्रसंग घ्या. बातमी कोणी सांगितली, अंगावर काय होतं, नंतर काय खाल्लं, शेजारी कोण होतं, एवढं लिहा. घरी विचारून लिहू नका, नवरा-बायकोनं एका कागदावर तर मुळीच नाही. दोन कागद घ्या. कोणाकडे जुनं पत्र, डायरी, वाण्याची तारीख घातलेली पावती असेल, तर तिची झेरॉक्स जोडा, मूळ देऊ नका. पेनं मंडळाची आहेत, जाताना परत ठेवा.