आकडा नेमका कुठे चुकतो : सांख्यिकी संस्थेतल्या गुणवत्ता-परीक्षणाविषयी

मित्रहो, कोणत्याही राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेत जाऊन ‘तुमच्याकडे गुणवत्तेची तपासणी होते का?’ असं विचारलं, तर उत्तर ‘होते’ असंच येतं. ते खोटंही नसतं. नियमावली असते, तपासणी-याद्या असतात, त्यांवर सह्याही असतात. म्हणून परीक्षण करणाऱ्याने हा प्रश्न विचारूच नये. गेल्या बारा महिन्यांत या तपासणीने काय पकडलं, त्यावरून काम कोणी थांबवलं आणि त्याची नोंद कुठे आहे, हे विचारावं. वर्षभरात एकही गोष्ट न अडवणारी तपासणी एकतर अनावश्यक असते किंवा झोपलेली असते. दोन्हींपैकी काय, ते शोधणं म्हणजे परीक्षण.

गुणवत्ता कशी राखायची हे सांगणाऱ्या चौकटींची वानवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2019च्या गुणवत्ता-चौकटीत 19 तत्त्वं आहेत. सांख्यिकी निर्मितीच्या सर्वमान्य प्रारूपात गरज ठरवण्यापासून मूल्यमापनापर्यंत 8 टप्पे आहेत. परीक्षणाचा आराखडा करताना त्यांचा उपयोग होतो, पण त्या टप्प्यांचं चित्र एका बाबतीत फसवं आहे. त्यात चौकोन ठळक दिसतात आणि चौकोनांमधल्या रेघा बारीक. प्रत्यक्षात चुका बहुधा त्या रेघांवर होतात. एका विभागाने फाइल दिली आणि दुसऱ्याने घेतली, त्या सांध्यावर.

कॅनडाचं उदाहरण घ्या. 8 ऑगस्ट 2014 रोजी तिथल्या सांख्यिकी संस्थेने जाहीर केलं की जुलैमध्ये रोजगार फक्त 200ने वाढला. चारच दिवसांत तो आकडा मागे घ्यावा लागला आणि 15 ऑगस्टला सुधारित आकडा आला : 41,700. नमुन्याच्या नव्या रचनेसाठी प्रक्रियेतल्या प्रणालींमध्ये बदल चालू होते, त्यात ही चूक शिरली. चौकशीत पुढे आलेली कारणं कोणत्याही कार्यालयाला ओळखीची वाटावीत : संपूर्ण प्रणालीची अपुरी समज, जुनं झालेलं दस्तऐवजीकरण, अपुरी चाचणी आणि गटागटांमधला तुटक संवाद. सूत्र माहीत नव्हतं, असं कुठेच झालं नव्हतं.

म्हणून परीक्षणाची सुरुवात उलटीकडून करावी. प्रसिद्ध झालेल्या तक्त्यातला एक आकडा उचलायचा आणि तो मागे मागे नेत मूळ प्रश्नावलीपर्यंत पोहोचायचं. वाटेत प्रत्येक फाइलची आवृत्ती, ती बनवणारा प्रोग्रॅम, बदल करणारी व्यक्ती आणि आधीच्या-नंतरच्या नोंदींची संख्या लिहून घ्यायची. 12,480 नोंदी निघाल्या आणि 12,431 पोहोचल्या, तर मधल्या 49 कुठे गेल्या याचं लेखी उत्तर हवं. या प्रवासात हमखास एक स्प्रेडशीट भेटते. अधिकृत आराखड्यात ती नसते, तिच्यात आकडे हाताने चिकटवलेले असतात आणि ती एकाच माणसाला कळते. तो माणूस रजेवर गेला तर काय होतं, हे विचारायला विसरू नका.

परीक्षक दोन-तीन पुरेत. ते त्या सर्वेक्षणाबाहेरचे हवेत, पण काम जाणणारे हवेत. एक पद्धतिशास्त्राचा, एक प्रत्यक्ष सर्वेक्षण चालवणारा आणि जमल्यास एक प्रणालींचा जाणकार. विभागप्रमुखांशी बोलावंच, पण फाइल रोज हाताळणाऱ्यांशी स्वतंत्रपणे, वरिष्ठ नसताना बोलावं. आणि आधीच स्पष्ट करावं की हे व्यक्तीचं मूल्यमापन नाही. नाहीतर माहिती दडते आणि उरतात फक्त सह्या.

आता एडिटिंगकडे, म्हणजे आलेली उत्तरं ठरलेल्या नियमांनी तपासून चुका दुरुस्त करण्याकडे येऊ, कारण वेळ आणि मनुष्यबळ सर्वांत जास्त इथेच खर्च होतं. आस्थापनांच्या सर्वेक्षणात नेहमीची चूक एककाची असते. उलाढाल हजारांत मागितलेली असते. गेल्या महिन्यात 480 लिहिणारी आस्थापना या महिन्यात 4,80,000 लिहिते. नव्या-जुन्या आकड्याचं गुणोत्तर 1,000च्या आसपास आलं की ही चूक जवळपास नक्की समजावी. ती यंत्राने पकडावी, माणसाने नव्हे. माणसाचं लक्ष महाग आहे. ते अंतिम बेरजेवर परिणाम करणाऱ्या नोंदींसाठी राखावं. कळवलेल्या आणि अपेक्षित आकड्यातला फरक, गुणिले भारांक (नमुन्यातली ती नोंद प्रत्यक्षात किती जणांच्या वतीने मोजली जाते तो आकडा), भागिले एकूण अंदाज, असा गुण प्रत्येक नोंदीला द्यायचा आणि वरच्या गुणांपासून तपासत यायचं.

याउलट बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं नियमांत भर पडत जाते आणि काढून कोणी काहीच टाकत नाही. समजा 10,000 प्रपत्रांपैकी 2,500वर इशारा येतो आणि त्यांतल्या 150मध्येच खरा बदल होतो. म्हणजे इशारा खरा ठरण्याचं प्रमाण 6 टक्के. अशा वेळी तपासनीसाचं बोट आपोआप ‘ठीक आहे’वर जातं आणि खरा इशाराही त्याच ओघात सुटतो. याहून वाईट म्हणजे खरोखर वाढलेला आकडा ‘संशयास्पद’ म्हणून जुन्या पातळीवर ओढला जातो. कुंपणच शेत खातं ते असं. परीक्षकाने प्रत्येक नियमाचं हे प्रमाण मागावं. ते मोजलंच जात नाही असं कळलं, तर तीच पहिली शिफारस.

व्यवसायांच्या कोडिंगची, म्हणजे लोकांनी शब्दांत सांगितलेल्या व्यवसायाला वर्गीकरणातला अंकी कोड देण्याच्या कामाची, फेरतपासणी करताना दुसऱ्या माणसाला पहिल्याने दिलेला कोड दिसतो का, तेवढं पाहा. दिसत असेल तर दोघांचं एकमत फुगलेलं असतं. शिवाय ते पहिल्या अंकावर आणि शेवटच्या अंकावर वेगवेगळं मोजावं, कारण अंक वाढतात तसं ते घसरत जातं.

प्रतिसादाचं प्रमाण एकच सांगून भागत नाही. ब्रिटनच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचा प्रतिसाद 2023मध्ये पाचातल्या एकाहूनही खाली गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यावर आधारित आकड्यांचं प्रकाशन थांबवावं लागलं. पण प्रमाण किती यापेक्षा उत्तर न देणारे कोण, हे महत्त्वाचं. तरुण भाडेकरू सतत निसटत असतील, तर भारांक वाढवून मोजणी जुळेल. वर्तन जुळेलच असं नाही. रिकाम्या जागा भरून काढलेल्या उत्तरांचं प्रमाणही दर महिन्याला, गटवार, तक्त्यात दिसायला हवं. ते अचानक चढलं तर त्यावर आधारलेला कोणताही आकडा बाहेर पाठवण्याआधी थांबावं.

हंगामी समायोजनातही, म्हणजे दरवर्षी ठरावीक महिन्यांत होणारे चढउतार आकड्यांतून वगळण्यातही, सांध्याचीच गोष्ट येते. ऑस्ट्रेलियाच्या संस्थेने ऑक्टोबर 2014मध्ये जाहीर केलं की जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांचे श्रमशक्तीचे आकडे हंगामी समायोजनाविना, जसेच्या तसे घेतले जातील. मुख्य सर्वेक्षणाला जोडून होणाऱ्या पुरवणी सर्वेक्षणांतल्या बदलांचा त्यामागे हात मानला गेला. प्रश्नावलीच्या विभागाने काही बदललं की समायोजन करणाऱ्यांना ते कळतं का, आणि कोणत्या कागदाने कळतं?

पहिला अंदाज आणि नंतरचा सुधारित आकडा यांतल्या फरकाच्या दोन सरासऱ्या शेजारीशेजारी ठेवा : चिन्हासकट आणि चिन्ह सोडून. दुसरी मोठी आणि पहिली शून्याजवळ असेल, तर पहिला अंदाज हेलकावतो, पण तिरका नाही. पहिलीही सतत एकाच बाजूला असेल, तर पद्धतीत पूर्वग्रह आहे आणि तो आधीच दुरुस्त करता येतो.

प्रकाशनाच्या आदल्या संध्याकाळचं वेळापत्रक जरूर मागवा. अंतिम तक्ते पाच वाजता आणि मजकुराची मंजुरी साडेपाचला असेल, तर त्या अर्ध्या तासात आकड्याला अर्थ आहे का, हे विचारायला कोणाला सवड नसते. हे विचारणारा माणूस आकडा बनवणाऱ्यांत नसावा, आणि प्रकाशन रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे लेखी असावा.

अहवाल लहान ठेवा. चाळीस शिफारशी दिल्या की सोप्या पंधरा पूर्ण होतात आणि अवघड पाच तशाच राहतात. सात-आठ द्या, प्रत्येकीपुढे जबाबदार पदाचं नाव, तारीख आणि पूर्ण झाल्याचा पुरावा काय मानायचा ते लिहा. सहा महिन्यांनी परत जाल, तेव्हा तोच आकडा पुन्हा उचलून मागे नेऊन पाहा, आणि ती स्प्रेडशीट अजून तिथेच आहे का ते आधी बघा.