फ्रॉगफिश पाळताना: मासा एकटा, घास मोजका

[दृश्य: खडकाची कड. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

खडकाला चिकटलेला हा पिवळा स्पंज नाही, फ्रॉगफिश नावाचा समुद्री मासा आहे. त्याच्या कपाळावरची बारीक काठी पाहा. पाठीच्या पराच्या पहिल्या काट्याचा हा गळ झालाय आणि त्याच्या टोकाला मांसल आमिष आहे. आमिष हलतं, मासा जवळ येतो, जबडा उघडतो आणि भक्ष्य आत ओढलं जातं. जबडा उघडून भक्ष्य आत ओढायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. स्वतःच्या लांबीएवढा मासासुद्धा तो गिळू शकतो. घरच्या टाकीत त्याचा जीव जातो तो अनेकदा याच तोंडापायी.

म्हणून टाकीत तो एकटाच ठेवा. लहान मासे आणि कोळंब्या त्याच्या पोटात जातील. मोठे एंजलफिश, बटरफ्लायफिश त्याची कातडी टोचत राहतील, आणि हा जागचा हलणार नाही. दुसरा फ्रॉगफिशही नको. एकमेकांना गिळायच्या नादात दोघंही दगावू शकतात.

[दृश्य: पूर्ण टाकी, मग पंपाचं तोंड.]

लहान जात निवडायची तर क्लाउन फ्रॉगफिश, म्हणजे अँटेनेरियस मॅक्युलेटस. त्याला साधारण 100 लिटरची टाकी पुरते. तो फारसा पोहत नाही म्हणून त्याहून लहान टाकी चालेल, असं मानू नका. एका जेवणानंतर निघणारी घाण भरपूर असते, आणि ती पचवायला पाणीही तेवढंच लागतं. त्यासाठी चांगला प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र, लावा आणि दर आठवड्याला 10 ते 15 टक्के पाणी बदला. तापमान 24 ते 26 अंश आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या खारटपणाचं माप, 1.023 ते 1.025 ठेवा. घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं, अमोनिया आणि नायट्राइट, शून्य हवीत. नवीन टाकीचं जैविक चक्र, म्हणजे ही द्रव्यं पचवणारे जिवाणू, बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणू नका.

त्याचे पर हातासारखे चालतात आणि त्यांनी तो काहीही धरून बसतो, तापलेला हीटरसुद्धा. म्हणून हीटरला जाळीचं कवच आणि पंपाच्या ओढीच्या तोंडाला स्पंज हवाच. खडक वाळूवर नाही, थेट काचेच्या तळावर टेकवा, म्हणजे ते घसरून मासा खाली सापडणार नाही.

[दृश्य: पारदर्शक काठी पाण्यात उतरते.]

आता खाणं. नवा आलेला मासा बहुधा फक्त जिवंत भक्ष्यच घेतो. त्यासाठी मॉली ही छोटी मासोळी बरी, कारण हळूहळू सवय केली की ती खाऱ्या पाण्यातही जगते. गोल्डफिश मात्र कधीच देऊ नका. त्याच्यातलं थायमिनेज नावाचं विकर शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. मासा रुळला की गोठवलेल्या समुद्री माशाचा तुकडा पूर्ण वितळवा, काठीच्या टोकाला लावा आणि त्याच्या डोळ्यांपुढे दोन-तीन सेंटिमीटरवर किंचित थरथरवा. डोळे तुकड्यावर खिळले की हात स्थिर ठेवा. पुढचं काम तो करेल.

तुकडा त्याच्या डोक्यापेक्षा लहानच हवा. वाढलेल्या माशाला आठवड्यातून दोनदा पुरे, पिल्लाला एक दिवसाआड लहान घास. तो दिला तेवढा घास घेत जातो, म्हणून थांबायचं आपणच. मोठा घास पोटात पचायच्या आधी कुजू लागतो, वायू साठून पोट फुगतं आणि मासा पाण्यावर तरंगायला लागतो. तिथून त्याला वाचवणं फार कठीण जातं. आणि तो अधूनमधून जबडा पूर्ण उघडून ताणतो, ती भूक नव्हे. त्या वेळी काठी पुढे करू नका. न खाल्लेला तुकडा लगेच बाहेर काढा.

मासा हलवायचा असेल तर जाळं नको. पाण्याबाहेर आला की तो हवा गिळतो आणि ती आत अडकते. डबा पाण्याखाली धरा, त्याला आत सरकवा आणि पाण्यासकट उचला.

काही आठवड्यांत तो भोवतालानुसार रंग बदलू लागला, तर घाबरू नका, तो आजार नाही. लक्ष ठेवायचं ते श्वासाकडे. बाजूच्या पराच्या मागे त्याच्या कल्ल्याचं छोटंसं गोल छिद्र दिसतं. त्याची उघडझाप वाढली, तर औषधाकडे वळू नका, आधी अमोनियाची चाचणी करा.