चाखून राखलेलं बी

(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: तुर्भे, बाजार समितीचं भाजीपाला मार्केट. उजाडायच्या आत. टेम्पोतून उतरणारी कॅरेटं.]

नारायणगाव, पिंपळगाव, संगमनेर. रात्री घाट उतरून आलेला माल उजाडायच्या आत इथे खाली होतो. एका कॅरेटमध्ये साधारण वीस किलो टोमॅटो. कॅरेटवर कॅरेट चढत जातं, हमाल ती धडाधड फिरवतात, तरी टोमॅटो सहसा फुटत नाही. फुटू नये अशीच त्याची निवड झालेली आहे. साल जाड, गर घट्ट, आणि अंगावर जेमतेम लाली चढली की तोडा. ठाणे आणि नवी मुंबईतल्या स्वयंपाकघरांचं रोजचं काम हाच टोमॅटो भागवतो. तो पिकवणाऱ्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. करपा, व्हायरस, घाटातले खड्डे आणि पडलेला भाव एवढं सगळं झेलून त्याला चार पैसे हातात राहायला हवेत.

पण पिढ्यान्‌पिढ्या सालीकडे आणि टिकाऊपणाकडे बघून वाण निवडले गेले आणि चव मागे पडली. ही चव पुढे ठेवून बी राखणाऱ्या ठाणे जिल्ह्यातल्या एका शेतावर आपण निघालो आहोत.

[दृश्य: कल्याण–मुरबाड रस्ता. भाताची रिकामी खाचरं, मागे सह्याद्रीची भिंत, गोरखगडाचा सुळका.]

मुरबाड तालुका म्हणजे पावसाळ्यात भात. बाजारपेठेचा टोमॅटो पिकतो घाटावर, पण इथल्या घरांच्या परड्यातही टोमॅटो पूर्वीपासून आहे. दिवाळीच्या सुमारास भात निघालं, की ओल धरून असलेल्या जमिनीत भाजीची रोपं लागतात. पौष पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा भरते, बैलबाजार होतो, घोंगड्या विकल्या जातात. जत्रा उरकेपर्यंत परड्यातला टोमॅटो रंगायला लागलेला असतो. मार्चमध्ये ऊन तापलं की फूलगळ सुरू होते आणि हंगाम आवरतो. म्हणून शेतावरचा टोमॅटो चाखण्याचा कार्यक्रम माघातल्या एका रविवारी ठेवलाय.

[दृश्य: शेताचं फाटक. बाजूला पाण्याचं पिंप, साबण.]

आत येणाऱ्याने आधी साबणाने हात धुवायचे. तंबाखू, मशेरी, बिडी घेणाऱ्याने दोनदा. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो, वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो, आणि बोटांवरून थेट पानावर जातो. तो बियांच्या सालीवर बसला, तर पुढच्या हंगामात बियांबरोबर दुसऱ्याच्या शेतात पोचतो. शेताच्या मालकीणबाई, ज्यांना इथे सगळे काकू म्हणतात, या बाबतीत कोणाचीही भीड ठेवत नाहीत.

[दृश्य: काठ्यांना सुतळीने बांधलेल्या झाडांच्या ओळी. काही खोडांवर लाल दोरा.]

एकरभराचं हे रान पाहून बाजारासाठी पिकवणारा शेतकरी डोक्याला हात लावेल. एका ओळीतलं झाड दुसऱ्या ओळीतल्यासारखं नाही. कुठे बटाट्यासारखी रुंद पानं, कुठे कातरलेली. फळं चपटी, गोल, लांबुळकी, लिंबाएवढी, ओंजळीएवढी. ज्या खोडांना लाल दोरा आहे त्यांची फळं विकायची नाहीत, घरात न्यायची नाहीत, झाडावरच पूर्ण पिकू द्यायची. ती बियांसाठी.

हा दोरा सरसकट कोणालाही बांधत नाहीत. आधी झाड निरोगी हवं. ज्याची पानं बोकड्या रोगाने वळलीत, ते झाड कितीही गोड फळ देत असलं तरी बाद. मग काही आठवडे फळधारणा बघायची. आणि मग चव. एकाच वाणाच्या चार-पाच चांगल्या झाडांना तरी दोरा लागतो, कारण एकाच झाडाच्या बियांवर वर्षानुवर्षं चाललं तर वाणाचा पाया अरुंद होत जातो.

घरोघरी बरेचदा उलट होतं. पहिली, रसरशीत फळं आपण खातो. हंगाम संपताना वेलीवर राहिलेलं, कोणी न घेतलेलं एखादं फळ बियांसाठी ठेवतो. काही वर्षांनी म्हणतो, पूर्वीसारखी चव राहिली नाही.

[दृश्य: फुलाचा जवळून घेतलेला शॉट. काळा भुंगा फुलाला लटकलेला. भुंग्याचा आवाज.]

हा आवाज ऐका. टोमॅटोच्या फुलात परागकोश एकमेकांना चिकटून नळी बनते आणि पराग आतच बंद असतात. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते सुटतात. मधमाशीला ही कंपनं जमत नाहीत. वाऱ्याच्या हलण्यानेही काम होतं, कारण टोमॅटो बहुतांशी स्वतःच स्वतःला फळवतो. म्हणून वाण शुद्ध राखायला तो तसा सोपा. अपवाद आहेत काही जुन्या, बटाट्यासारख्या पानांच्या वाणांचे. त्यांची स्त्रीकेसराची टोकं नळीच्या बाहेर डोकावतात, आणि भुंग्याच्या अंगावरचे दुसऱ्या वाणाचे पराग तिथे लागू शकतात. अशा फुलांवर इथे मलमलीच्या छोट्या पिशव्या बांधलेल्या दिसतात.

[दृश्य: आंब्याखाली लांब फळ्या, केळीची पानं, चिरलेले टोमॅटो. ठाणे, ऐरोली, डोंबिवलीहून आलेली मंडळी.]

आता चाखायचं. पानांवर नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. नाव कळलं की जीभ त्याच्या मागे जाते. पहिला घास मिठाशिवाय, दुसरा मिठाबरोबर, मध्ये तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि पाणी. टोमॅटो सकाळी तोडलेले, फ्रिज न पाहिलेले. बारा अंशांखालच्या थंडीत बरेच दिवस राहिलेल्या टोमॅटोचा वास हरवतो. साखर आणि आंबटपणा फारसे हलत नाहीत, पण टोमॅटोची ओळख त्या वासातच असते.

पहिल्या पानावर गावठी. चपटा, कंगोऱ्यांचा, साल इतकी पातळ की सुरी लावताच रस मनगटापर्यंत ओघळतो. आंबटपणा आधी जबड्याच्या कडांना लागतो, मग मागून हलकी गोडी, आणि नाकात पानांचा तो हिरवा, उग्र वास. पांचपाखाडीहून आलेले एक आजोबा दुसरी फोड घेतात आणि म्हणतात, “हा साराचा. आमची आई ह्याचंच करायची.”

दुसऱ्या पानावर पुसा रुबी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘सू’ आणि ‘इम्प्रूव्हड मेरुती’ या दोन वाणांच्या संकरातून निवडत निवडत तो स्थिर केला गेला. म्हणजे हा काही पणजीच्या परड्यातला वाण नाही. तरी तो इथे आहे, आणि ते मला पटतं. तो सरळ वाण आहे. त्याचं बी लावलं की तोच पुन्हा उगवतो. संकरित बियांची दुसरी पिढी मात्र पांगते. एक झाड आजीवर, एक आजोबावर, एक कोणावरच नाही. म्हणून दर वर्षी नवं पाकीट विकत घ्यावं लागतं. संकरित वाणांचे गुण मोठे आहेत. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ तीन मोठ्या रोगांना तोंड देतो. पण बी राखण्याचा निर्णय तिथे शेतकऱ्याच्या हातून निसटतो. या शेतावर वाणाचं वय दुय्यम आहे. त्याचं बी राखता येतं का, हे आधी पाहिलं जातं.

तिसरं पान लोकांना थबकवतं. फळ जांभळट-तपकिरी, देठाजवळ हिरवं. बाजारात कोणी सडकं म्हणून बाजूला काढलं असतं. हा चेरोकी पर्पल. १९९० साली अमेरिकेतल्या टेनेसीमधून एका गृहस्थांनी त्याच्या बिया टपालाने एका टोमॅटोवेड्या रसायनशास्त्रज्ञाला पाठवल्या. चेरोकी लोकांकडून हे बी आपल्या भागात आलं, असं त्यांच्या पत्रात होतं. वाण तेव्हा बेनाव होता. आज तो जगभर लावला जातो, तो त्या एका पाकिटामुळे. चव दाट, आंबटपणा कमी, मिठाशिवायही खारट भासणारी.

देठाजवळच्या त्या हिरव्या खांद्यांकडे नीट बघा. एकसारखा लाल होणारा टोमॅटो दिसायला चांगला आणि तोडायला सोपा, म्हणून विसाव्या शतकात संशोधकांनी तसेच वाण निवडले. ते एकसारखेपण एका जनुकाच्या बिघाडातून येतं, हे २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. हे जनुक शाबूत असलं की कच्च्या फळातलं हरितद्रव्य वाढवतं, आणि ते हरितद्रव्य फळातच साखर बनवतं. खांदे गेले, त्याबरोबर थोडी गोडीही गेली. २०१७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या हॅरी क्ली यांच्या चमूने सुमारे ४०० वाण तपासले. चवीशी जोडलेली १३ वाससंयुगं आजच्या बाजारी वाणांत जुन्यांपेक्षा कमी भरली. आजोबांची जीभ जे सांगते, तेच प्रयोगशाळेतही सापडतं.

पुढची पानं झटपट होतात. पिवळा, नासपतीच्या आकाराचा यलो पेअर अतिशय देखणा, पण चवीला फिका. जुना म्हणून चांगला असं नसतं, हे त्याच्यावरून कळतं. ग्रीन झेब्रा पिकला की नाही ते डोळ्यांना कळत नाही. पट्ट्यांमधला हिरवा पिवळसर झाला आणि बोटाखाली दबला की तोडायचा. ब्रँडीवाइनची चव सगळ्यांना आवडली, पण फोडी पुरल्या नाहीत. रात्री उबदार राहिल्या की त्याला फळ धरत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याचा निभाव कठीण आहे. काकू तो यापुढे लावणार नाहीत, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो. चव उत्तम, पण हे गाव त्याचं नाही.

[दृश्य: हातात पेन्सिल, कागद. एक बाई फोडीतला बियांचा गर चमच्याने वेगळा चाखतात.]

इथे गुण देत नाहीत. कागदावर विचारलंय, कशाला? नुसता खायला, साराला, चटणीला, सुकटीत. डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई प्रत्येक फोडीचा बियांभोवतालचा बुळबुळीत गर आधी वेगळा चाखतात, मग बाहेरचा भाग. त्या अगदी मुद्द्यावर बोट ठेवतात. आंबटपणा आणि आमटीला अंग देणारं ग्लुटामेट त्या गरात बाहेरच्या भागापेक्षा जास्त असतं. बिया काढून टोमॅटो वापरणारे चवीचा मोठा हिस्सा टाकून देतात.

“काकू, सुकटीला हा गावठीच. तो जांभळा नको, तो गोड पडेल,” ताई म्हणतात.

“मग त्यातही जास्त आंबट कुठला लागला ते सांगा. तीन झाडांचे वेगवेगळे ठेवलेत,” काकू म्हणतात.

ताई परत जाऊन तिन्ही चाखतात. मधल्या झाडावर बोट ठेवतात. संध्याकाळी त्या झाडाला दुसरा दोरा बांधला जातो. या मातीत पुढच्या वर्षी कुठला गावठी उगवेल, यात आता डोंबिवलीच्या एका स्वयंपाकघराचाही हात आहे. हा कार्यक्रम सहल नाही, बियाण्याच्या कामाचाच भाग आहे, हे मला इथे पहिल्यांदा नीट दिसलं.

[दृश्य: ओटीवर काचेच्या बरण्या. आत टोमॅटोचा गर, वर पांढुरका थर.]

लाल दोऱ्याच्या झाडांवरच्या उरलेल्या फळांचा गर बरणीत जातो. बियांभोवतीचं जेलीसारखं आवरण उगवण रोखतं, म्हणून तर फळाच्या आत बी कोंबारत नाही. ते काढायला गर आंबवावा लागतो. पुस्तकांत तीन दिवस लिहिलेले असतात, पण मुरबाडच्या उबेत दोन पुरतात. जास्त ठेवलं तर बी बरणीतच अंकुरतं. वर पांढरा थर आला, वास उग्र झाला, की पाणी ओतून ढवळायचं. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं ते ओतून द्यायचं. आंबवण्याने बियांवरचे काही रोगजंतूही कमी होतात.

मग गाळणीत धुऊन बी स्टीलच्या ताटात, सावलीत, पातळ पसरायचं. वर्तमानपत्रावर नको, चिकटून बसतं. पूर्वी राखेत चोळून, शेणाच्या गोवरीवर लावून, चुलीच्या वर धुरात टांगून ठेवायचे. ठाकूरवाडीतल्या एक आजी काकडीचं बी आजही तसंच ठेवतात. कोरडं बी हवाबंद बरणीत चार-पाच वर्षं सहज उगवतं.

[दृश्य: संध्याकाळ. डोंगराची रांग.]

या रांगेच्या पलीकडे अकोले तालुका. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शंभरहून अधिक देशी वाणांचं बी गोळा करून बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. कायदाही अशा माणसांच्या बाजूने आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिलाय. संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या वाणाचं बी ब्रँड लावून विकायचं नाही, एवढी अट.

[दृश्य: कागदी पाकिटं, त्यांवर हाताने लिहिलेली अक्षरं.]

निघताना प्रत्येकाला एक पाकीट. पैसे नाहीत. पाकिटावर वाण, साल आणि झाडाचा आकडा. अट अशी की पुढच्या माघात तुमच्या कुंडीतलं बी थोडं तरी परत यायला हवं, आणि बरोबर एक ओळ: चव कशी होती.

ऐरोलीच्या गच्चीसाठी, ठाण्याच्या गॅलरीसाठी काकूंच्या सूचना मोजक्या आहेत. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर बी टाका. सहा तास ऊन नसेल तर मोठ्या फळाचा नाद नको, लहान फळाचा वाण न्या. कुंडी बादलीएवढी तरी खोल हवी. फुलं आली की सकाळी काठीला हलकी टिचकी मारा, बाराव्या मजल्यावर भुंगा येईलच असं नाही. शेजारच्या कुंडीत दुसरा टोमॅटो असेल, तर बियांसाठी ठेवायच्या घोसाला फूल उमलण्याआधीच मलमल बांधा. आणि त्या घोसावरचं एक फळ चाखून बघा. आवडलं नाही, तर त्या झाडाचं बी परत आणू नका.