एवढ्याशा टाकीत कोण राहील?

नमस्कार श्रोतेहो.

घरात मासे पाळायचे ठरले की बहुतेकांची नजर आधी लहान टाकीवर जाते. टेबलाच्या कोपऱ्यावर मावेल, स्वस्तात पडेल, सांभाळायला सोपी जाईल असं वाटतं. पण सांभाळण्याचं गणित नेमकं उलटं आहे. टाकी जितकी लहान, तितकं तिच्यातलं पाणी लवकर बिघडतं. शंभर लिटरच्या टाकीत एखादा मासा मेला आणि ते दिवसभर कळलं नाही, तरी बाकीचे बहुधा तगून जातात. सहा-सात लिटरमध्ये तेवढ्यानं सगळं पाणी नासतं. म्हणून आज मी फक्त २० लिटरपर्यंतच्या, गोड्या पाण्याच्या टाक्यांबद्दल बोलणार आहे. अशा टाकीत कोणाला ठेवावं, आणि कोणाला अजिबात ठेवू नये?

आधी आपल्या टाकीत खरोखर किती पाणी मावतं ते मोजा. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजारानं भागा. ३० बाय २० बाय २० ची टाकी म्हणजे १२ लिटर. पण तळाशी वाळू असते आणि काठाखाली दोन-तीन बोटं जागा सोडावी लागते. हातात राहतं साधारण नऊ लिटर पाणी. निवड करायची ती या नऊ लिटरसाठी.

या पाण्यात काय घडतं ते थोडक्यात सांगतो. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो, आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य असतं. हे जिवाणू नव्या टाकीत नीट रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाणी, वनस्पती आणि चालू फिल्टर एवढंच असू द्या. जिवाणूंना खाद्य म्हणून माशांच्या खाण्याची चिमूट अधूनमधून टाकत राहा. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले की मग पाहुणे आणा. टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी येतात, तिथेच बहुतेक लहान टाक्यांचा घात होतो.

आता नकाराची यादी. गोल्डफिश गोल भांड्यात ठेवायची फार जुनी सवय आपल्याला लागली आहे. ती सोडायला हवी, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. साधा गोल्डफिश २० सेंटिमीटरपर्यंत सहज वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. भांड्यात तो लहान राहतो, कारण त्याची वाढ खुंटते. काच साफ करेल म्हणून दुकानात गळ्यात घातला जाणारा सकर मासा तर फुटाच्या वर जातो. निऑन टेट्रा दिसतो लहान, पण त्याला थव्यानं सरळ लांब पोहायला जागा लागते.

लांबीवरून हिशेब करताना आणखी एक चूक होते. दोन सेंटिमीटरचा मासा आणि त्याच बांध्याचा चार सेंटिमीटरचा मासा यांत फरक दुप्पट नसतो. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही वाढतात, म्हणून वजन सुमारे आठपट होतं आणि घाणही कित्येक पटींनी वाढते. शिवाय लहान म्हणजे शांत, असंही नाही. केरळच्या नद्यांमधला मटार पफर अडीच-तीन सेंटिमीटरचा जीव, पण दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो.

मग कोण चालेल? टाकी १५ ते २० लिटरची असेल तर एक फायटर, म्हणजे बेट्टा. एकच. दोन नर एकत्र आले तर लढतात, आणि मादी सोबत ठेवली तरी एवढ्या जागेत तिला लपायला वाव नसतो. कल्ल्यांखेरीज फायटरला डोक्यात एक वेगळं इंद्रिय असतं, त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो. थोडा वेळ समोर बसलात तर दिसेल: तो सावकाश वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढतो आणि वळून खाली जातो. त्याच्या या ताकदीचा अर्थ लोक उलटा लावतात आणि त्याला पेल्याएवढ्या भांड्यात कोंडतात. श्वास हवेतून घेतला तरी अमोनिया त्यालाही जाळतो. त्याला २४ ते २८ अंश उबदार पाणी, मंद वाहणारा स्पंज फिल्टर आणि पृष्ठभागाजवळ टेकायला एखादं रुंद पान हवं.

थवाच हवा असेल तर २० लिटरमध्ये चिली रासबोरा. बोर्निओच्या दलदलीतला हा लाल मासा जेमतेम दोन सेंटिमीटरचा. आठ-दहा एकत्र ठेवा, भरपूर वनस्पती लावा आणि दुसरा कुठलाही मासा आणू नका. गप्पी ठेवायचे तर फक्त नर ठेवा. मादी एकदा फळली की नर नसतानाही पुढचे काही महिने पिल्लं देत राहते.

आणि टाकी दहा लिटरच्या आतली असेल तर? माझं मत स्पष्ट आहे: मासा नकोच, कोळंबी ठेवा. खायची नव्हे, चेरी श्रिंप नावाची, अडीच-तीन सेंटिमीटरची गोड्या पाण्यातली. फिल्टर चालू असेल आणि वनस्पती दाट असतील, तर आठ-दहा कोळंब्यांपासून सुरुवात करता येते. नऊ लिटर पाणी माशाला तुरुंगासारखं असतं, पण दगडावर, पानावर, लाकडावर चालत दिवस काढणाऱ्या या जिवाला तेवढं पुरतं. दिवसभर ती पुढच्या बारीक चिमट्यांनी शेवाळ खुडते आणि तोंडात घालते. एक हात तोंडाशी जातो तोवर दुसरा खुडत असतो.

मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते, वीस-तीस तरी असतात. भिंग घेऊन बघा. पोटाखालचे पाय सतत हलवून ती अंड्यांवरून पाणी खेळतं ठेवते, मधूनच एखादं अंडं फिरवते. साधारण महिन्याभरानं बाहेर पडतात ती पिल्लं आईचीच छोटी प्रतिकृती असतात, दोन मिलिमीटरची. ती फिल्टरमध्ये ओढली जाऊ नयेत म्हणून पाणी ओढणाऱ्या तोंडाला स्पंज हवाच. एखाद्या सकाळी तळाशी पांढुरकी, पारदर्शक कोळंबी पडलेली दिसली तर लगेच हळहळू नका. बहुतेकदा ती नुसती कात असते. राहू द्या, बाकीच्या ती खातील. त्यातला चुना त्यांच्या नव्या कवचाला उपयोगी पडतो.

कोळंबीला तांबं सहन होत नाही. माशांच्या कित्येक औषधांत तांबं असतं, त्यामुळे बाटलीवरचं वाचल्याशिवाय काहीही टाकू नका. लाल, पिवळी, निळी अशा रंगांची सरमिसळ केली तर पुढच्या पिढ्या मातकट होत जातात. हवा तो एक रंग निवडा. आणि फायटरसोबत कोळंबी ठेवायचा मोह झाला, तर तिची पिल्लं तो टिपणार हे धरून चाला.

जोडीला एखाददुसरी गोगलगाय चालते. नेराइट जातीची काच सुंदर साफ करते. तिची अंडी पांढऱ्या ठिपक्यांसारखी काचेला चिकटतात, पण गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत. चपट्या शंखाच्या रॅम्सहॉर्न मात्र भराभर वाढतात. त्या अचानक फार झाल्या तर समजा, आपण खाणं जास्त टाकतोय.

कोळंब्या घरी आणल्यावर पिशवीतून थेट टाकीत सोडू नका. त्या भांड्यात काढा, बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी थेंबथेंब त्यात पडू द्या, तासा-दीड तासानं जाळीनं उचलून सोडा. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन घालवा, आणि नवं पाणी टाकीतल्याएवढंच कोमट असू द्या.

आणि चार दिवस बाहेरगावी जायचं असेल तर खाणं टाकायला कोणाला सांगू नका. शेवाळ आणि वनस्पती असलेल्या टाकीत कोळंब्या आठवडाभर सहज राहतात. प्रेमापोटी टाकलेली मूठभर गोळी मात्र नऊ लिटर पाणी दोन दिवसांत नासवते. फिल्टर चालू ठेवा, दिव्याला टायमर लावा आणि निश्चिंत जा.

नमस्कार.